कॅप्टनच्या दाराखालून

एवेलिओ,

तुझ्या आईला धाप लागलीय, ओठ निळे पडलेत. शेजारच्या नूबियाच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेतेय. तीनदा दार बडवलं, तर आतून ओरडलास, "माद्रिद अजून सात तास लांब आहे, उड्डाणात कॅप्टन दार उघडत नाही!" अरे, आपण बोगोटात घरीच आहोत, मागच्या खोलीत बसून तू संगणकावरच्या खेळातलं विमान उडवतोयस! खऱ्यासारखं हवं म्हणून आतून कडी तूच बसवलीस, खेळ थांबवायचं बटणही उपटून टाकलंस. फोन तर बंदच. तिचे दवाखान्याचे कागद कपाटात आहेत आणि किल्ली तुझ्या त्या गणवेशाच्या खिशात.

खऱ्या विमानात म्हातारी गुदमरली तर कॅप्टन मिळेल तिथे विमान उतरवतो. तेवढं तरी खऱ्यासारखं कर.

मिरेया