साठ फूट काठ

मी, ऑर्लिस हॅल्वरसन, वय एकोणऐंशी, टॅमरॅक तळ्याच्या उत्तर काठावर राहणारी, एल्सबी गावमंडळाची बावीस वर्षे अध्यक्ष, गुडघ्यांनी दगा दिलेली पण डोके शाबूत असलेली, कोणाच्याही दबावाखाली नव्हे तर संतापाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचे रद्द समजावे. वकीलबाई 'संताप' शब्द काढा म्हणाल्या. मी काढला नाही.

घर मुलगा डेनिस याला. बँकेतली शिल्लक मुलगी कार्ला हिला. तिने आजवर काही मागितले नाही. होडी आणि बर्फाला भोक पाडायचे गिरमिट नातवंडांपैकी ज्याला थंडी सोसते त्याला.

पाण्याचा नितळपणा मोजायची काळी-पांढरी तबकडी शाळेला. ती दोरीने पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की खोली वहीत लिहायची. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात चौदा फूट होती, यंदा तीन. हिरवळीवर फेकलेले खत पावसाबरोबर तळ्यात उतरते आणि विषारी शेवाळ पोसते, हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. कार्लाची कुत्री ते पाणी प्यायली आणि संध्याकाळपर्यंत गेली. तेव्हापासून नातवंडे पाण्यात पाय घालत नाहीत. याचे मला फार वाईट वाटते.

आम्ही गावात नियम केला होता: काठच्या हिरवळीला फॉस्फरसचे खत नाही. मंडळात एकही मत विरुद्ध पडले नाही. मग खतवाल्यांनी राज्याच्या राजधानीत आपले वजन वापरले आणि अंदाजपत्रकाच्या विधेयकात एक ओळ घुसली: खताबाबत गावांनी नियम करू नयेत. तळे आमचे, घाण आमची, अक्कल मात्र राजधानीची. मी अकरा पत्रे लिहिली. अकराही वेळा माझ्या आस्थेबद्दल आभार आले.

तर आता अट. मनाई गावाला आहे, मला नाही. माझ्या जमिनीच्या पाण्यालगतच्या साठ फूट पट्टीतले गवत कोणी कापायचे नाही, कारण वाहून येणारे खत उंच गवतच अडवते, आणि तिच्यावर खताची पिशवी फोडायची नाही. ही अट जमिनीच्या दस्तात नोंदवली आहे. घर विकले तरी सुटणार नाही.

डेनिस म्हणाला, "आई, गवत कमरेइतकं होईल. लोक काय म्हणतील?"

म्हणू देत. अट मोडली तर घर कार्लाचे. डेनिस, तू माझा लाडका आहेस आणि मी तुला चांगली ओळखून आहे.

साक्षीला शेजारी वेंडेल क्रूगरला बोलावले. तो मंडळात नाही, पण नियमाच्या जाहीर सभेत विरोधात सर्वांत मोठा आवाज त्याचाच होता. वाचून म्हणाला, "अगं ऑर्लिस, तळ्याभोवती दोनशे घरं आहेत. तुझ्या एकटीच्या साठ फुटांनी काय होणार?"

"काही नाही," मी म्हणाले. "म्हणून तर तुला बोलावलं."

एल्सबी, बारा सप्टेंबर.
(सही) ऑर्लिस हॅल्वरसन

साक्षीदार:
१. मार्जरी लुंडे, ग्रंथपाल.
२. वेंडेल क्रूगर. मजकूर वाचला. माझ्या हिरवळीबद्दल मी काहीही कबूल केलेले नाही. वकीलबाईंचा पत्ता तेवढा घेतला आहे.