रहिवासी खेळाडूंची यादी

खालची वाडी, ता. संगमेश्वर
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय अनिलदादा,

दमयंतीचा नमस्कार. घरी सगळं ठीक आहे, हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण पोस्टाने पाकीट आलेलं बघून तुला धस्स होईल. आधी फोनच करणार होते. पण माझं अर्धं बोलणं झालं की तू "दमे, मीटिंगात आहे, नंतर करतो" म्हणतोस आणि ते नंतर काही येत नाही. म्हणून कागद घेतला.

कलमांना मोहर बरा आहे. मध्ये आभाळ आलं तेव्हा नम्रतावहिनीने माणसं लावून फवारणी करून घेतली. विहिरीवरची मोटर जळली होती, ती तिनेच देवरूखला नेऊन दुरुस्त करून आणली. हौसाकाकीची गाय व्याली, पाडी झाली. वहिनीची तब्येत छान आहे. गुडघ्याची तक्रार गेली.

आता कामाचं लिहिते.

कबड्डीच्या मॅटसाठी सरकारी अनुदान मिळतंय म्हणून तुम्ही मुंबईहून मंडळाच्या नावाने अर्ज केलात, ते चांगलं केलंत. त्याला बारा रहिवासी खेळाडूंची यादी लागते आणि ते गावातच राहतात असा पोलीस पाटलाचा दाखला लागतो. पोलीस पाटील मी. मंडळाचा खजिनदार म्हणून भावकीतल्या रितेशने यादी मोबाइलवर पाठवली आणि खाली लिहिलं, "आत्या, फक्त सही-शिक्का मारून फाईल पुढे पाठव."

मी ती बारा नावं वाचली. पाच विरारची, चार दिव्याची, दोन नालासोपाऱ्याची आणि एक घाटकोपरचं. गणपती आणि शिमगा सोडून त्यातला एकही जण कधी गावात झोपलेला नाही.

अशाच यादीवर मी दहा वर्षांपूर्वी सही केली होती. माझी नवीन नेमणूक होती, तू म्हणालास, "अगं, आपलीच पोरं आहेत," आणि मी शिक्का मारला. त्यावर व्यायामाची यंत्रं आली. ती अजून मंडळाच्या खोलीत आहेत. पळायच्या पट्ट्यावर बियाण्याची पोती रचलीत आणि सायकलीच्या दांड्यावर कुणीतरी आमसुलं वाळत घालतं. ती सही खोटी होती. ते तुझ्यावर ढकलत नाही, शिक्का माझ्या हातात होता. पण पुन्हा तसं करणार नाही.

म्हणून मी रितेशची यादी बाजूला ठेवली आणि दुसरी केली. गावात राहणारे आणि खरोखर खेळणारे बारा जण तिच्यात आहेत. मंडळाच्या गावच्या कमिटीतर्फे हौसाकाकीने खाली सही केली, मी दाखला दिला आणि फाईल पुढे गेली. त्या बाराही बायका आहेत.

हसून घे एकदा, मग पुढे वाच.

गेल्या वर्षीपासून आम्ही खेळतोय. भात झोडून झालं की खालच्या खाचरातली ढेकळं फोडायची, पाणी मारून जमीन चोपायची आणि चुलीच्या राखेने रेषा आखायच्या. रोज साडेपाच ते साडेसहा खेळतो. कॉलेजला जाणारी समीक्षा सगळ्यात लहान, हौसाकाकी सगळ्यात मोठी. सुरुवातीला गुरं राखणारे बांधावर बसून शेरे मारायचे. आता गुण मोजतात आणि चुकले की आमच्या शिव्या खातात.

शुक्रवारी पाहणीला क्रीडा खात्याचे साहेब आले. त्यांनी यादी बघितली, आमच्याकडे बघितलं, पुन्हा यादी बघितली.

"खेळाडू कुठे आहेत?"

हौसाकाकीने पदर खोचला. "मंग आमी काय हितं लावणीला उभ्या हाव? ह्याच त्या."

"आजी, वय काय तुमचं?"

"पंचावन. पन पाय धरला का सोडत नाय. तुमी या रेषेच्या आत, दाखवतंय."

साहेबांचा ड्रायव्हर गाडीला टेकून हसत होता. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "खेळून दाखवा."

आम्ही सहा-सहा जणी समोरासमोर उभ्या राहिलो. पहिली चढाई आमच्या कॅप्टनची होती. ती आत गेली, समीक्षाला हात लावला आणि वळताना जनीने तिचा घोटा धरला. मग आणखी तिघी तिच्या अंगावर पडल्या. दादा, ती चौघींना ओढत आली. पालथी पडली, तोंडात माती, तरी दम सोडला नाही, आणि बोटं मध्यरेषेच्या पलीकडे टेकली. ड्रायव्हर टाळ्या वाजवत रेषेपर्यंत आला.

साहेबांनी तिला विचारलं, "कुठे शिकलात?"

"लांज्याला, शाळेत. जिल्ह्याच्या संघात होते."

"मग पुढे?"

"पुढे काय? लग्न झालं."

लांजा वाचलंस तेव्हाच तुला कळलं असेल. हो, आपली नम्रतावहिनीच. बावीस वर्षं झाली तुमच्या लग्नाला. तू कधी विचारलं नाहीस आणि तिने कधी सांगितलं नाही. यादी करताना मी तिला म्हटलं, "वहिनी, तुझं नाव नको घालू का? दादाला काय वाटेल?" ती भाकऱ्या भाजत होती. मागे वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "घाल की. पयलंच घाल. त्यांचं मी बघून घेईन." पण तुला हे मीच कळवीन असं मी कबूल केलं, आणि वर मोहर आणि मोटर लिहीत बसले ते त्याच भीतीने.

अजून एक राहिलं. तेही लिहूनच टाकते.

रितेशच्या यादीत पहिलं नाव तुझं होतं. वय एकावन्न, कर्णधार, राहणार खालची वाडी. गावात घर तू बांधलंस, आईचं दुखणं तू काढलंस, दर महिन्याला पैसे पाठवायला तू कधी चुकला नाहीस. हे मी विसरलेले नाही. पण तू इथे राहत नाहीस, दादा. पोलीस पाटील म्हणून तुझ्याबद्दल खरं एवढंच लिहिता येतं. वहिनी राहते. तिच्या नावापुढे "रहिवासी" लिहिताना मला एकदाही थांबावं लागलं नाही.

काल अध्यक्ष बाळाकाकांचा फोन आला होता. "बायकांची कबड्डी बघायला आम्ही मुंबईत वर्गण्या काढतो काय? मंडळाची अब्रू काय राहिली?" मी म्हटलं, "काका, अब्रू मंडळाच्या खोलीत कुलपात आहे, आमसुलांच्या शेजारी. एक किल्ली तुमच्याकडेही आहे." त्यांनी फोन आपटला. तुझ्यापर्यंत ते वेगळ्या शब्दांत पोचलं असेल.

साहेबांनी शेरा चांगला दिलाय. आता एकच कागद बाकी आहे. हा संघ आमच्याच मंडळाचा आहे असं सचिवाचं पत्र. सचिव तू आहेस. वीस तारखेच्या आत ते पोचायला हवं. तू नाही दिलंस तर या वर्षी मॅट येणार नाही. मी तुझ्या हातापाया पडणार नाही आणि वहिनी तर मुळीच पडणार नाही. आमच्या स्वतंत्र मंडळाचा नोंदणीचा अर्ज भरून तयार आहे, सात जणींच्या सह्या झाल्यात. पुढच्या वर्षी मॅट त्या नावावर येईल. तोवर खाचर आहे, राख आहे. खरचटलं तर हळद आहे. वहिनीचंच म्हणणं पडलं की अर्ज द्यायच्या आधी तुला एकदा विचारायचं. ते मी विचारलं.

तेवीस तारखेला, रविवारी, देवरूखला तालुक्याची स्पर्धा आहे. आम्ही नाव दिलंय. त्या दिवशी भांडायला गावी आलास तर घर बंद असेल, आणि वाडीतल्या सगळ्या बायका मैदानावर असल्यामुळे किल्लीही कुणाकडे ठेवलेली नसेल. त्यापेक्षा सरळ देवरूखला उतर. पहिला सामना दहा वाजता आहे. बघणाऱ्यांना रहिवासी दाखला लागत नाही.

तुझी धाकटी बहीण, सही मागे न घेणारी,
दमयंती