वहीतली तयार तार

आप्पा, तारघरात तुमच्या हाताशी असायची ती वही आज मायने ट्रंकेतून काढून माझ्याकडे दिली. तुमच्या तिरप्या अक्षरात तयार तारा, सगळ्या इंग्रजी, चार-चार शब्दांच्या, आणि नावाच्या जागी नुसती रेघ. मुलगा झाला. गाडी चुकली. मिरची उतरली, माल थांबवा. माणूस आला की तुम्ही पान काढता, रेघेवर नाव घालता आणि यंत्र कटकटायला लागतं. धानोऱ्याचा तो म्हातारा आठवतो का? सुरतेच्या जावयाला बोलवायचं होतं, आणि त्याने सुरुवात केली बैलाच्या पायापासून. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि चार शब्द लिहिलेत. "बाबू, इतलंच? मन्हा बैल कोठे गया?" "बैल पत्रम्हा धाडा, दादा." मी एवढा हसलो की तुम्ही मला बाहेर काढलंत. बाहेर पडलो तो स्टेशनावर, आणि समोर गाडी उभी होती म्हणून चढलो. शाळाही माझी अशीच सुटली.

पुढे सुरतेला एका जरीवाल्याकडे होतो, तेव्हा तार आली. फादर सिरीयस, स्टार्ट इमिजिएटली. मी अनवाणी निघालो. तारघरात शिरतो तर तुम्ही खिडकीमागे बसून शिक्के मारताय! "उना का? चाल, जेवाले." मी सगळ्यांदेखत ओरडलो. तुम्ही पुढचा शिक्का मारलात. "आजून मरनू नही मी. पन उना ना तू!" घरी जाताना मात्र तुम्ही जरा ओशाळला होता. म्हणालात, वहीतली ही ओळ घरी न येणाऱ्या सगळ्याच पोरांसाठी आहे. खरंच वेळ आली तर वही उघडणार नाही, इंग्रजी अक्षरांत आपली अहिराणी पाठवीन: मी आजारी शे, ये.

दोन वर्षांनी मी चिंचपाड्याला लाकडाच्या ट्रकवर होतो, घरापासून काही तासांच्या वाटेवर. तीच इंग्रजी तार आली. मी ती ड्रायव्हरला दाखवली आणि हसलो, "आप्पाले जेवाले जोडीदार जोयजे." मग ट्रकबरोबर डांगात गेलो, आणि तिथे एक बाजार लागला, बाजारात कोंबड्यांची झुंज, चार दिवस गेले. परत आलो तेव्हा ओट्यावर माणसं बसलेली, आणि तुम्ही नव्हता.

मायने नंतर सांगितलं. तुमची जीभ आणि उजवा हात दोन्ही गेले होते. तारघरात तीच गेली. तुम्ही दाराकडे बघत राहता, अन्न शिवत नाही, हे सगळं तिने नव्या बाबूला सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, मग तुमची वही काढली आणि रेघेवर माझं नाव घातलं. तुम्हीच शिकवलं होतंत त्याला.

लोकांना मी सांगतो, वहीतली ओळ होती म्हणून खोटी वाटली. मायही तेच मानते, आणि मानते म्हणून मला ताटावर बसवते. हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून इथे लिहितो. तार वाचली तेव्हाच, आप्पा, ती खरी आहे हे मला कळलं होतं. तुम्हाला अंथरुणावर पडलेलं बघायची भीती वाटली, म्हणून मी हसलो.