कावळ्यापुरता शब्द

कळंब, ता. इंदापूर
१७ जानेवारी २०२५

चि. यशराज यास आबांचे आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. थंडी अजून आहे. मक्याची कापणी संपली, चारा मुरवून मुरघासाच्या गाठी कंपनीच्या शेडमध्ये रचून झाल्या. काळी गाय व्याली, कालवड झाली. जेवण धोंडाआत्या पाठवते. तुझ्या आईचा चष्मा देवळीतच आहे, मी हलवलेला नाही.

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

आईच्या दहाव्याला नीरेच्या घाटावर कावळा पिंडाला शिवत नव्हता, ते तुला आठवत असेल. ऊन चढलं तरी सगळे कावळे झाडावर बसून होते. भावकीतला गोकुळ मागून म्हणाला, "लिमिटेड कंपनीवाल्याची आई हाय, कावळ्याला बी कागद दाखवा." पोरं हसली. शेवटी आत्या तुझ्याजवळ आली. "आय कशात अडकलीय ते तुला ठावं हाय. तोंडानं बोल." तेव्हा तू हात जोडून सगळ्यांदेखत म्हणालास, "आई, श्रेयाला काय कमी पडू देणार न्हाय. तिचं सगळं मी करीन."

कावळा उतरला. मला त्या वेळी बरं वाटलं होतं.

पुढे पोटगीच्या तारखेला मी बारामतीच्या कोर्टात येऊन मागच्या बाकावर बसलो. तू शपथेवर सांगितलंस की कंपनी तुझी नाही, आईवडिलांच्या नावावर आहे, तू पंधरा हजारांवरचा पगारी माणूस आहेस आणि मुलीला महिना चार हजारांच्या वर देणं तुला झेपत नाही. कोर्टानं ते मानलं. माझी सून प्रतिक्षा खाली मान घालून ऐकत होती. तू खोटं काही बोलला नाहीस. तिनं पोटगीचा दावा लावला तेव्हा तूच म्हणाला होतास, नवीन कंपनीत माझ्या नावावर काही नको. मी आणि तुझ्या आईनं सह्या केल्या.

बाहेर चहाच्या टपरीवर मी तुला घाटावरच्या शब्दाचं विचारलं. तू गाडीची किल्ली बोटावर फिरवत म्हणालास, "आबा, ते कावळ्यापुरतं होतं."

मी एसटीनं घरी आलो.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी औषधं आणायला वालचंदनगरला गेलो असताना प्रतिक्षा श्रेयाला घेऊन आली होती. मुलीला घरात घेतलं तर केस बिघडेल असं वकील म्हणाला होता, म्हणून तू त्या दोघींना फाटकातूनच परत पाठवलंस. आई झोपली आहे असं तुला वाटलं. ती जागी होती. श्रेयानं आज्जी म्हणून मारलेली हाक तिला ऐकू आली होती. मी आल्यावर म्हणाली, "पोरगी दारातनं गेली." त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही.

आता कामाचं.

आईच्या जागी दुसरा संचालक घ्यावा लागतो. तू तुझ्या मित्राचं नाव पाठवलं होतंस. मी सीएंना विचारून प्रतिक्षाचं नाव घातलं. ती तयार नव्हती, लासुर्ण्याला तिच्या वडिलांकडे दोनदा जावं लागलं. जास्तीचे शेअर माझ्या नावावर आहेत, ते श्रेयाच्या नावे करतो आहे.

तुझी नोकरी चालू राहील. पगार तू कोर्टात सांगितलास तेवढाच. त्यातून श्रेयाची पोटगी आधी कापली जाईल, उरलेल्या रकमेच्या चेकवर प्रतिक्षाची सही असेल. गाडी कंपनीची आहे, सोमवारी शेडवर आणून लाव. बारामतीच्या फ्लॅटचं भाडंही कंपनी भरते, तो महिनाअखेर रिकामा कर. कळंबहून शेडवर जायला एसटी आहे, पण या घरात राहायचं असेल तर आधी प्रतिक्षाला विचार, कारण शनिवार-रविवार श्रेया इथे असते. नोकरी नको असेल तर महिनाभर आधी लेखी कळव.

आईच्या वर्षश्राद्धाला ये. पिंड मी ठेवीन. तू लांब उभा राहा आणि कावळा आला नाही तरी तोंडानं काही बोलू नकोस.

तुझा मालक,
सर्जेराव