मागच्या खोलीतलं कार्बाइड

४ एप्रिल २००५
सावंतवाडीहून सकाळची एसटी, तळेऱ्याला उतरलो, तिथून भाईंच्या आंब्याच्या शेडवर. रसायनशास्त्राची पदवी घेऊन दोन वर्षं घरी माश्या मारल्या, आता एकदाची नोकरी! पोहोचताच तळलेला बांगडा आणि सोलकढी. मालक असावा तर असा.
काम सोपं आहे. आंब्याच्या पेटीत कार्बाइडच्या पुड्या ठेवायच्या. ओल लागली की कार्बाइडमधून ॲसिटिलीन सुटतो. दोन कार्बन, दोन हायड्रोजन, एवढासा वायू. वेल्डिंग त्याच्यावर चालतं, जत्रेतल्या दुकानांचे जुने दिवे त्याचेच. कच्च्या आंब्याला वाटतं, पिकायची वेळ झाली. वरून पिवळाधमक, आत आंबटढाण. याला बंदी आहे, पण भाई म्हणतात, बंदी कागदावर. त्यांच्या तोंडात सदा विडी. एका ठिणगीत शेड उडेल असं बजावलं, तर मलाच हसले.

८ एप्रिल
कार्बाइडची पिंपं मागच्या खोलीत असतात. बाया तिथे पाऊल टाकत नाहीत. दाराबाहेर पाण्याची कळशी असते, ती पुड्या बांधणारी वर्षाली रोज भरते. आज तिला कारण विचारलं.
गेल्या हंगामात अचानक तपासणी आली. वर्षालीची आई यमुनाबाई आत पुड्या बांधत होती. भाईंनी पिंपांसकट तिला कोंडून कुलूप घातलं. उकाड्याने जीव कासावीस झाला म्हणून तिने तोंडावर पाणी मारलं असणार, ते कार्बाइडवर सांडलं. ती दार ठोकत राहिली. साहेबांनी विचारलं, आवाज कसला? भाई म्हणाले, "पेट्यो ठोकतत." चहा वर्षालीच देत होती. तिलाही ते खरं वाटलं. दार उघडलं तेव्हा सगळं संपलं होतं. गावात सांगितलं, हार्ट अटॅक.
मग अजून इथे का राबतेस, असं विचारलं. ती म्हणाली, "आवस अजून भायर येवक नाय. ती येयसर मी हंयच." आई बाहेर येईपर्यंत ही इथेच, कळशीही तिच्यासाठीच!
जेवण गेलं नाही. भाईंचा भयंकर राग आला.

१२ एप्रिल
संध्याकाळी ट्रक भरून गेला, बाया घरी गेल्या. तरी मागे ठोकल्याचा आवाज. हातोडीचा नव्हे, तळहाताचा. लसणासारखा वास. हा याच वायूचा वास, मला ठाऊक आहे.
भाई म्हणाले, उंदीर. पण विडी अर्धीच टाकून ते शेडबाहेर गेले. कळशी रिकामी होती.

१५ एप्रिल
आज दुपारीही तेच ठोकणं. माझ्या खोलीच्या भिंतीवर. ओले पंजे उमटलेत—
रागाच्या भरात भाईंना बोललो, यमुनाबाईंचं पोलिसांत सांगणार. ते हसले नाहीत. बोलायला नको होतं. उद्या पहिल्या गाडीने निघतो.

१६ एप्रिल
बॅग खांद्यावर होती, तेवढ्यात जीप आली. तपासणी. वर्षालीसकट सगळ्या बायांना भाईंनी आंब्याच्या कलमांच्या बागेत पिटाळलं. मला म्हणाले, तेवढी पिंपं गवताने झाक, मग जा. मी मूर्ख. आत शिरलो आणि मागे कुलूप लागलं.

दार ठोकतोय. बाहेर भाईंचा आवाज, शांत— "पेट्यो ठोकतत."

खिडकी नाही. दाराच्या फटीतून उजेड येतो, त्यातच हे लिहितोय. बाहेरची कळशी दिसते. जवळ कुणी नाही. ती आडवी होतेय—

पाणी उंबऱ्याखालून आत. पिंपाचा तळ गंजलेला, कार्बाइड जमिनीवर सांडलेलं. फसफसतंय. डोकं गरगर—

माझ्या शेजारी आणखी दोन हात दार ठोकत होते. आता थांबले.

जीप गेली. भाईंच्या चपला. काडी ओढल्याचा आवाज. विडी—

वायू भरलाय असं ओरडलो तर ते बाहेरच थांबतील. तोंडावर ओला तळहात—

तिने हात काढला. ती बघतेय, मी काय करतो.

मी ओरडत नाही. येऊ दे त्याला. किल्ली फिर—