जाळी खाली घेतलेला माणूस

७ एप्रिल
आज रुजू झाले. वळसंगच्या अलीकडच्या माळावर सोलर प्लांट होणार आहे, त्यासाठी तिथली वेडी बाभूळ आणि जुने लिंब काढायचे. मी सेफ्टी सुपरवायझर. पहिलीच नोकरी, त्यामुळे ऊनसुद्धा गोड वाटलं. तोडणारे तिघं: मुकादम चनमल्लप्पा, प्रभुलिंग आणि जोतिराम. तिघंही बनियन आणि चपलांवर चेनसॉ चालवत होते. मी पिकअपमधून नवं सामान उतरवलं. तोंडावर जाळी असलेली हेल्मेटं, कानांवरचे मफ, जाड पायगार्ड, बूट. चनमल्लप्पा हसले. म्हणाले, "सिद्धेश्वरी म्याडम, ह्ये घालून उकडून मरू की आमी!"

११ एप्रिल
रोज तोच वाद. शेवटी आज सगळ्यांनी सगळं घातलं. मफमुळे त्यांना काहीच ऐकू येत नाही, हातवारे करून करून माझे खांदे भरून आले. ऊन लई आहे. खोलीवर आले ती न जेवताच आडवी झाले.

१६ एप्रिल
तिघं लिंबाखाली जेवत होते. पलीकडे बाभळीत एक जण हेल्मेट घालूनच उभा. जेवायला ये, अशी खूण केली. हलला नाही. नवा माणूस कधी लावला, असं मुकादमांना विचारलं. ते म्हणाले, "कोन नवा? आमी तिघंच हाय." वळून पाहिलं तर कुणी नव्हतं. ऊन बाधलं असेल मला.

१९ एप्रिल
ऊन नव्हे. आज काम चालू असताना चार जण दिसले. जाळी खाली घेतली की सगळे सारखेच, कोण कुठला कळत नाही. तेवढ्यात प्रभुलिंग किंचाळून पडला. कुणीतरी मागून त्याच्या मांडीवर मशीन घातली होती. पायगार्ड फाटून आतले दोरे बाहेर आले, चेन त्यांतच अडकली. पाय वाचला. त्याला वाटतं, जोतिराम. पण जोतिराम आणि मुकादम जाळी वर करून धावले, ते दोघंही त्याच्या पुढून. मी पाहिलंय.

२१ एप्रिल
तिघांचं एकच म्हणणं. एकमेकांची तोंडं दिसायला पाहिजेत, हेल्मेट नको. भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. बरं म्हणाले.

२२ एप्रिल
दिवसभर तिघंच. हायसं वाटत होतं.
मग लाकडाची ढलपी उडाली. जोतिरामच्या डोळ्यात. रक्त थांबेना. "म्याडम, डोळा हाय का वो माजा?" एवढंच विचारत होता.
मी बरं म्हणाले होते.
पिकअपची किल्ली खिशात टाकून ड्रायव्हर कॅन घेऊन डिझेल आणायला गेलेला. प्रभुलिंगनं मोटारसायकल काढली. मुकादम जोतिरामला मध्ये धरून मागे बसले. सोलापूरला गेले. सामानापाशी मी एकटी.

पिकअपच्या केबिनमध्ये बसलेय. सगळ्या मशिनी पायाशी, हेल्मेटं सीटवर. आणि तरी बाभळीत मशीन सुरू झालीय—

प्रभुलिंगचा फोन. डॉक्टर बघतायत. तिघंही तिथंच ना, विचारलं. व्हय म्हणाला. पुन्हा विचारलं—

बाहेर आला. जाळी खाली. इकडेच येतोय.

दारं आतून लावली. ड्रायव्हर फोन उचलत नाही—

जाळीमागे काहीच नाही. नुसतं—

हेल्मेट घातलंय मी. काच फुटली तर निदान डोळे—