तालमीमागचा तांब्या

आई, काल मिरजेच्या डॉक्टरांनी मला माझंच रक्त दाखवलं. काचेच्या पट्टीवर एक थेंब, वर सूक्ष्मदर्शक. मी एक डोळा मिटून पाहिलं. आम्हा तराजू दुरुस्त करणाऱ्यांना ती सवय असते. गोल पेशींच्या गर्दीत काही वाकलेल्या होत्या, विळ्याच्या पात्यासारख्या. त्या बारीक शिरांत अडकतात आणि मग हाडं ठणकतात. सिकल सेल असं नाव सांगितलं, ते मी लिहून घेतलं. मग ते म्हणाले, माझ्यासारखं दुखणं व्हायला अर्धं आईकडून आणि अर्धं बापाकडून यावं लागतं. नुसतं अर्धं असलेला माणूस सहसा धडधाकट राहतो. मी तीनदा विचारून खात्री केली. तिसऱ्यांदा ते वैतागले.

अण्णा धडधाकट होते. गावच्या तालमीचे वस्ताद. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती, मी तेरा वर्षांचा. त्याच्या आदल्या वर्षी धाकटी गेली, तीन वर्षांची होऊन. माझ्यासारखीच तिचीही बोटं सुजायची, डोळे पिवळे व्हायचे. माती देऊन आल्यावर माणसं ओट्यावर बसली होती आणि अण्णा त्यांना म्हणाले, "ह्ये आमच्या रक्तात न्हाई. हिच्या माहेरचं हाय." तू चुलीकडे तोंड करून बसलीस. त्यानंतर घरात कुणाला शिंक आली तरी तुझ्या माहेराचा उद्धार व्हायचा. माझं दुखणं म्हणजे अंगचोरपणा, तो मेहनतीनं जाईल, असं ठरवून त्यांनी मला तालमीत घातलं. त्यांचा कायदा कडक: जोर-बैठका झाल्या की घटकाभर पाण्याला शिवायचं नाही, अंग सुटतं, आणि मग थंडी असो वा काही, थेट कृष्णेत उडी.

पौषातली सकाळ. बाईमाणसानं तालमीत यायचं नसतं, म्हणून तू मागच्या भिंतीशी उभी आहेस, पदराखाली तांब्या. पाणी कोमट केलेलं. मी बाहेर येतो तसं हळूच म्हणतेस, "येवढं घोटभर पी रं. मी आडोशाला हुबी ऱ्हाते." मी तांब्या हातात घेतो आणि दारातून पोरं बघतात. एक म्हणतो, "वस्तादाचं पोरगं अजून आईच्या हातनं पितंय. गड्या, पाळणा बी आनलाय का बघ." सगळे हसतात. मी तांब्या मातीत उपडा करतो. "तुझ्या माहेरचं दुखणं हाय, तूच पी. मला तहान न्हाई."

तू तांब्या उचललास, काठाची माती पदरानं पुसलीस आणि गेलीस. मी पोरांबरोबर नदीत उडी घेतली. दुपारी दोन्ही नडग्या फुटतील असं वाटायला लागलं, आणि पुढचे नऊ दिवस तू गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेकत बसलीस. त्या वाक्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. तीन वर्षांनी तू तापानं गेलीस. शेवटपर्यंत तुला वाटत असणार, की पोरांना हे तूच दिलंस.

चौथीनंतर मी शाळेत गेलो नाही. पुढचं सगळं स्वतः शिकलो, इंग्रजीसुद्धा. कधी दुखलं, आधी काय खाल्लं, किती पाणी प्यालो, गारठा किती होता, सगळं वहीत टिपत आलो. त्यातून माझा नेम ठरला: तहान लागायच्या आधी पाणी, अंगावर लोकर, ताप आला की लगेच दवाखाना, अंथरूण धरायचं नाही आणि अंग मोडेपर्यंत राबायचंही नाही. तरी वर्षातून दोनदा-तीनदा पडतोच. डॉक्टरांनी वही चाळली आणि म्हणाले, "मी वेगळं काय सांगणार?" छाती फुगली माझी. बाहेर बाकावर येऊन बसलो, पाण्याची बाटली उघडली, तेव्हा लक्षात आलं की यातलं पहिलं कलम तू वहीशिवाय ओळखलं होतंस.

अर्ध्याचा हिशेब सांगायला अण्णा राहिले नाहीत. पण असते तरी मी आधी त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं, माझ्याकडे नाही. हा कागद त्याच वहीत राहील; पाठवणार कुठे? एक नोंद तेवढी तीस वर्षं चुकीची आहे, ती दुरुस्त करतो. त्या सकाळी तहान होती, आई. लय होती.